बैल सोडलेली गाडी

माझ्या भावाचा फोन वर्षातून एकदा हमखास येतो, पोळ्याला. भाऊबीज विसरेल, पोळा विसरणार नाही. शिंगं रंगवली का, पुरणपोळी कोणी चारली, असं सगळं विचारतो. आमचे बैल विकून दहा वर्षं झाली, शेत आता ट्रॅक्टरवर चालतं, हे मी त्याला दरवर्षी सांगते आणि दरवर्षी तो "अरे हो" म्हणतो. जन्म जहाजांवर काढलेल्या माणसाच्या डोक्यात गाव जिथं थांबलं तिथंच थांबलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या पोळ्याला मात्र त्यानं बैलांचं विचारलंच नाही. नोकरी संपल्यावर तो रत्नागिरीकडे एका खाडीकाठी राहतो. तिथं त्यानं एक अठरा फुटी शिडाची बोट स्वतःच्या हातानं दुरुस्त करून ठेवली होती. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की त्या बोटीतून किनाऱ्याकिनाऱ्यानं, बंदरं घेत घेत, कारवारपर्यंत जायचं, हे त्याच्या मनात कैक वर्षांपासून होतं. जोडीदार होता, जुना जहाजावरचाच, पण तो आता परदेशात लेकीकडे निघून गेला. भावाला साखरेचा आजार, साखर डोळ्यांत उतरलेली. डावा डोळा धुक्यातून बघितल्यासारखं बघतो. डॉक्टर म्हणाले होते, जायचं तर यंदाच जा, पुढच्या वर्षी मला विचारायला येऊ नका. एकट्यानं ती बोट चालत नाही. पोरगा म्हणतो विकून टाका, गिऱ्हाईक दारात उभं आहे. दिवाळीपर्यंत जोडीदार मिळाला नाही तर मी विकतो, असं त्यानं मला सांगितलं.

"तू येशील?" त्यानं विचारलं.

मी बुलढाणा जिल्ह्यातली बाई. साठी जवळ आलेली. समुद्र मी एकदाच पाहिला होता, त्याच्याच पोराच्या लग्नात, आणि तेव्हा पैठणी भिजू नये म्हणून घोट्यापर्यंतच उतरले होते. मी म्हटलं, "हाव."

फोन ठेवल्यावर नवऱ्यानं विचारलं, काऊन हाव म्हटलं?  प्रेमानं म्हटलं नव्हतं एवढं नक्की. राग आला होता म्हणून म्हटलं.

त्या रागाचं सांगते. भाऊ अठराचा आणि मी चौदाची होते तेव्हा आमच्या बापाची कंबर गेली. भरल्या गाडीवरून पडला आणि पुढं कधी ताठ उभा राहिला नाही. शेताचं सगळं भावावर आलं. एक हंगाम त्यानं केलं. मग एका सकाळी आम्ही उठलो तर तो नव्हता. जाताना त्यानं बैलांना वैरण टाकली होती, पाणी दाखवलं होतं, खोटं कशाला बोलू. पण एका बैलाचं दावं घाईत सुरगाठीनं बांधलं होतं. बैलानं हिसका दिला, सुटला, आणि शेजाऱ्याच्या हिरव्या ज्वारीत जाऊन उभा राहिला. भाऊ गेला हे आमच्या घराला कळायच्या आधी बैल सुटला हे गावाला कळलं. मी अनवाणी पळत गेले, शिव्या खाल्ल्या, बैल आणला आणि निरगाठ मारून बांधला. त्या दिवशी कासरा माझ्या हातात आला तो लग्न होईपर्यंत. शाळा गेली. गाडी हाकणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात, गाव मला धुरकरीण म्हणायचं. मला गाडी हाकायला आवडायचं, हेही कबूल करते. पण आवडतं का, जमतं का, करशील का, असं कोणी विचारलं नव्हतं.

पंचेचाळीस वर्षांनी त्यानं पहिल्यांदा मला करशील का असं विचारलं, आणि तेही स्वतःच्या गरजेपोटी. म्हटलं, थांब, येतेच.

आणखी एक सांगून ठेवते. मी लिहिते तशी बोलत नाही. कागदावर शाळेतली मराठी उतरते, तोंडात वऱ्हाडीच आहे. भावाचं उलटं झालं. बाहेर राहून राहून त्याची बोली पार धुऊन निघाली. तो मला-तुला म्हणतो, मी मले-तुले. आम्ही फोनवर असलो की माझा नवरा म्हणतो, साहेब अन् कामवाली बोलून राह्यले जसे.

दुसऱ्या दिवशी भावानं पुन्हा फोन केला आणि अटी घातल्या. रात्रभर विचार केला म्हणाला. भाऊबीजेला तो येणार, आणि तोवर मला तीन गोष्टी आल्या पाहिजेत. अंगावरच्या कपड्यांनिशी पोहता आलं पाहिजे. एक गाठ डोळे मिटून मारता आली पाहिजे. आणि चालत्या बोटीतून माणूस पडला तर बोट वळवून, त्याच्यापाशी नेऊन, थांबवून त्याला उचलता आलं पाहिजे. तिसरी नाही जमली तर जाणं रद्द, बोट विकणार, आणि त्यात तुझा काही दोष नाही, असंही म्हणाला. हे शेवटचं त्यानं फार गोड आवाजात सांगितलं, आणि मला आणखी राग आला.

आमचं गाव खामगावपासून तासाभरावर. मी नवऱ्यासोबत खामगावात राहते, पण शेत गावाला आहे आणि गावाच्या खालच्या अंगाला धरण. गणपती बसायच्या सुमारास भावानं त्याची जुनी दहा फुटी सरावाची बोट टेम्पोवर घालून पाठवून दिली. एक शीड, एक काठी, मागं सुकाणू आणि त्याला लाकडी दांडा. टेम्पो बसस्टँडवरून गेला तेव्हा लोकांनी चहा खाली ठेवला. बायांनी विचारलं, आता समुद्र कधी पाठवून राह्यला तुह्या भाऊ? मी म्हटलं, बोट पोचली, समुद्र मागून येऊन राह्यला.

माझा नवरा खामगावच्या प्रेसिंगमध्ये फिटर होता. तिथं कापूस दाबून त्याच्या गाठी बांधतात, आणि आमच्या घरात गाठ म्हटलं की तीच, लोखंडी पट्ट्यांची, चार माणसांनी उचलायची. भाऊ फोनवर मला सांगत होता, एकच गाठ नीट शिक, तीच जीव वाचवेल. नवरा आतून ओरडला, विचार बरं, किती किलोची? भावाला काही कळलं नाही. तसंच नांगराचं. व्हिडिओवर भाऊ म्हणाला, नांगर कायम पुढं ठेवायचा. मी म्हटलं, नांगर पुढं ठेवला तर बैल कुठं ठेवू? मग त्यानं तो लोखंडी आकडा दाखवला. तोही भुईतच रुततो, पण ओढायला नाही, अडवायला. पाण्यावर आले ते शब्द सगळे ओळखीचे होते आणि त्यातला एकही ओळखीनं वागत नव्हता.

गाठ मला चार दिवसांत आली. आमच्या दाव्याच्या दोनच गाठी. निरगाठ इतकी बसते की सोडायला दात लागतात, आणि सुरगाठ ओढली की सुटते. ही तिसरीच. दोराच्या टोकाला असा फेरा करायचा की कितीही ओढलं तरी आवळत नाही आणि कितीही हलवलं तरी सुटत नाही. मुगाच्या शेंगा निवडता निवडता मी ती पायाच्या अंगठ्याला मारायचे. बसमध्ये समोरच्या सीटच्या दांडीला मारायचे. कंडक्टरनं एकदा विचारलं, मावशी, बस बांधून ठेवता का?

पोहणं मला येत होतं, पण ते विहिरीतलं. विहिरीत माणूस गोल पोहतो आणि काठ नेहमी हाताशी असतो. धरणात काठ कुठंच नसतो. तिथं मला भोईण भेटली. भेटली म्हणजे ती तिथं होतीच, तिचा जन्म त्या पाण्यावर गेला होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, नवरा वारल्यावर एकटी डोंगा काढते, जाळं टाकते, बाजाराला मासळी नेते. तिनं मला लुगड्यानिशी पाण्यात ढकललं. अक्षरशः ढकललं. मी वर आले तेव्हा म्हणाली, लुगडं पाण्याशी भांडते, तू नोको भांडू. पडून राह्य, मंग हळूच हात मार. ते महिनाभरात जमलं. लोक काठावर उभे राहून बघायचे. बघू दे म्हटलं.

राहिलं वळवणं, आणि तिथं माझं घोडं अडलं.

सुकाणूचा दांडा असा असतो की तो डावीकडे नेला की बोट उजवीकडे वळते. उजवीकडे नेला की डावीकडे. भावानं समजावून सांगितलं, कागदावर काढून दाखवलं, मी म्हटलं कळलं. कळलं खरंच होतं. पण माझ्या हातांना कोणी सांगायचं? त्या हातांनी वर्षानुवर्षं कासरा धरलेला. डावा कासरा ओढला की बैल डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. हात विचार करत नाहीत. समोर काही आलं की मी दांडा जायचं त्याच बाजूला ओढायचे आणि बोट नेमकी उलटीकडे तोंड करून त्या वस्तूवर जाऊन बसायची. धरणात बुडालेल्या बाभळींचे वाळके शेंडे वर आलेले आहेत. त्यातल्या एकीला मी तीन वेळा धडकले. आणि धडकायच्या आधी दर वेळी तोंडातून काय निघायचं, तर "हो, हो, हो!" बैल थांबवायची हाक. बोट कुठली थांबते?

नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी आधी बोटीला नावं ठेवली. दांडाच उलटा बसवला म्हटलं. नवरा म्हणाला, दांड्यावर कापसाची एक गाठ ठेव, म्हणजे सरळ होईन. त्याचं डोकं प्रेसिंगमधून बाहेर पडतच नव्हतं.

मग एक दिवस मी भोईणीच्या जाळ्यात शिरले. सरळ चालले होते, जाळ्याची बुचं दिसली, घाबरले, आणि हात कासऱ्यावर गेले. सुकाणूनं जाळं चांगलं हातभर फाडलं. ती डोंग्यातून सगळं पाहत होती. मला वाटलं आता ही माझी आई-बहीण काढणार. ती डोंगा वळवून फाटलं जाळं गोळा करायला लागली, तेच वाईट. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्याकडे गेले आणि म्हटलं, शिवायला शिकव, मी शिवून देते. ओट्यावर दोघी बसलो. जाळं शिवताना तिनं विचारलं, तुले हे उलटं काऊन जाते? मी कासऱ्याचं सांगितलं. भावाचं सांगितलं नाही, पण तिला माहीत असणारच, तो बैल ज्याच्या ज्वारीत शिरला होता तो शेजारी तिच्या सासऱ्यासोबत वाट्यानं शेत करायचा.

ती शिवत राहिली. मग म्हणाली, "गाडी कोठ्यात मांगं लावाची असली त कशी लावत होती तू?"

कोठा म्हणजे आमचा गोठाच. त्यात गाडी उलटी लावायची तर आधी बैल सोडायचे. मग जू आपल्या हातात धरायचं आणि गाडी मागं रेटायची. गाडीचं बूड उजवीकडे न्यायचं असलं तर जू डावीकडे न्यावं लागतं. हे मी हजार वेळा केलेलं. अंधारात, पावसात, कोपऱ्यात कडबा रचलेला असताना केलेलं. तिला सांगताना माझे हात आपोआप हवेत तसे हलले, डावीकडे. ती माझ्या हातांकडे बघत होती.

"तेच त," ती म्हणाली. "डोंगा म्हंजे बैल सोडलेली गाडी. कासरा नोको समजू. जू समज."

मी त्याच दुपारी पाण्यावर गेले. दांडा धरला आणि मनाशी म्हटलं, बैल नाहीत. समोर जे दिसतंय ते गाडीचं बूड आहे, ते मला कोठ्यात घालायचं आहे. बाभळीच्या दोन्ही बाजूंनी फिरून आले. एकदाही धडकले नाही. काठावर नवरा बसला होता, त्याला ओरडून सांगितलं तर तो म्हणाला, पोरं सायकलवर करतात तसे हात दोन्ही वर कर, म्हणजे मानतो. पुढचे पंधरा दिवस मी पिवळा प्लास्टिकचा कॅन पाण्यात फेकायचे, दूर जायचे, वळायचे, वाऱ्याकडे तोंड करून शीड सैल सोडायचे म्हणजे बोटीचा जोर मरतो, आणि कॅन उचलायचे. शांतपणे केलं तर जमायचं. पण मधेच वारा डोंगरावरून खाली आदळला, बोट कलली, की हात पुन्हा कासऱ्यावर. सुंभ जळतो, पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही. भीतीत माझे हात चौदाच वर्षांचे होते. हे मी भावाला फोनवर सांगितलं नाही. कॅन उचलते म्हणून सांगितलं.

भाऊबीजेला तो आला. दाराशी रिक्षा थांबली तेव्हा मी ताट घेऊन उभी होते. तो उतरला, आणि पायरी चढायच्या आधी त्यानं पायानं ती चाचपली. आधी एकदा, मग परत एकदा. फोनवर डोळ्याचं ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं. अंगानंही उतरला होता. ओवाळलं. ओवाळणीत त्यानं नारिंगी रंगाचं तरंगायचं जाकीट टाकलं. नवरा म्हणाला, बरं झालं, लुगड्यावर जाते हा रंग.

जेवणं झाल्यावर लगेच धरणावर गेलो. त्याला घाईच होती. जाकिटं दोघांनीही घातली. मी दांड्याशी बसले, तो पुढं. वारा बरा होता. तो जहाजावरच्या आवाजात सांगायचा, मी करायचे. वीस मिनिटं सगळं छान झालं. त्यानं मानेनं बरंय असं केलंसुद्धा. मला वाटलं आता काठाला लाव म्हणेल आणि कॅन मागेल.

तो उठून उभा राहिला, बाजूला पाय टाकला आणि पाण्यात पडला.

त्यानं ते मुद्दाम केलं होतं. जहाजावर नव्या माणसाला असंच बघतात म्हणे. पण मला कोणी सांगितलं होतं? मी एवढंच पाहिलं की माझा भाऊ पाण्यात गेला आणि बोट त्याच्यापासून लांब चालली आहे. तोंडातून "हो, हो" निघालं. हात कासऱ्यावर गेले, मी दांडा त्याच्या बाजूला ओढला आणि बोट त्याच्याकडे पाठ करून निघाली. मी मोठ्यानं, रागानं, स्वतःच्या हातांना म्हटलं, बैल नाहीत बह्याडा, बैल सोडले! आणि दांडा उलटा रेटला. बोट वळली. त्याच्या खालच्या अंगानं आले, वाऱ्याकडे तोंड केलं, शीड सोडलं, ते फडफडलं, आणि बोट त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. कोठ्यात गाडी लावावी तशी. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. मी जिंकले असं वाटलं.

मी म्हटलं, चढ.

त्यानं बोटीच्या मागच्या कडेवर हात टाकले. अंग उचललं. अर्धं वर आलं आणि घसरलं. पुन्हा टाकले. उजवा खांदा वर जाईना. मला वाटलं हीपण परीक्षाच आहे, नाटक करतोय. म्हणून मी बघत बसले, हे मला अजून टोचतं. तिसऱ्यांदा त्यानं हात टाकला तेव्हा बोटं नुसती कडेवर राहिली. तो माझ्याकडे बघत होता, पण थोडा बाजूला बघत होता, मी कुठं आहे हे त्याला नीट दिसत नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "मले चढता नाही येऊन राह्यलं वं."

पंचेचाळीस वर्षांत त्याच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. लहानपणी तो मला बाई म्हणायचा. मी दोर घेतला. गाठ मारली, डोळे मिटायची गरज नव्हती, पण मला काही दिसतही नव्हतं. फेरा पाण्यात सोडला, दुसरं टोक बोटीला बांधलं, आणि म्हटलं यात पाय घाल, पायरी समज. त्यानं पाय चाचपून घातला, सकाळी दारात चाचपला होता तसाच. मी त्याचं जाकीट दोन्ही हातांनी धरलं आणि सोयाबीनचं पोतं ओढावं तसं आत ओढलं. तो बोटीच्या तळाशी पडून राहिला आणि मी त्याच्या अंगावर बसल्यासारखी. बराच वेळ आम्ही धापा टाकत होतो. शीड वर नुसतं फडफडत होतं.

मग त्यानं पुन्हा शुद्ध बोलायला सुरुवात केली. म्हणाला, तू पास झालीस, मी नापास. बोटीतून पडलेल्या माणसाला परत चढता येत नसेल तर त्यानं समुद्रावर जाऊ नये, हा नियम मी शंभर पोरांना शिकवला आहे. मी उद्या गिऱ्हाइकाला होकार कळवतो.

मी शीड ओढून घेतलं. बोट काठाला आणली. भोईण डोंग्यापाशी उभी होती, तिनं सगळं पाहिलं असणार. तिनं आमची बोट धरली आणि भावाला म्हणाली, लय वर्षांनी आला रे. तो हो म्हणाला. ओले कपडे घेऊन आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन हातात घेऊन ओसरीत बसला होता. नंबर लावला नव्हता. मी समोर बसले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि मला दोन्ही एकदम येतात तेव्हा राग पहिला बाहेर पडतो. मी म्हटलं, तुला पाहिजे तेव्हा जायचं आणि तुला पाहिजे तेव्हा थांबायचं, असं किती दिवस? मी दोन महिने पाण्यात भिजले, जाळं शिवलं, गावाचं हसू सोसलं. आता जायचं की नाही हे तू एकटा ठरवणार नाहीस. दांडा माझ्या हातात राहील. तू वारा सांग, ढग सांग, बंदरात कसं शिरायचं ते सांग, पण बसून सांग. आणि पडायचंच नाही. पडलास की चढता येत नाही ना? मग पडता येणार नाही असं बसायचं.

"म्हणजे कसं?" त्यानं विचारलं.

"दावं बांधून," मी म्हटलं.

मला वाटलं तो चिडेल. असं कोणी कोणाला म्हणत नाही. दाव्याला जनावर बांधतात.  त्यानं फोन खिशात ठेवला आणि चहा मागितला.

मार्गशीर्षात आम्ही निघालो. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई. मास्तरांनी मारून पाठ करून घेतलेला तो वारा मी साठीला आले तेव्हा पहिल्यांदा पाठीवर घेतला. खाडीच्या तोंडाशी उजाडत होतं. माझा नवरा धक्क्यावर उभा होता, जेवणाचा डबा देऊन झाल्यावरही तो डबा नीट ठेवला का असं विचारत होता. शीड अजून चढवायचं होतं. भाऊ त्याच्या जागेवर बसला होता.

मी दोर घेऊन त्याच्यापुढं वाकले. त्यानं काही न सांगता दोन्ही हात वर केले, अंगरखा घालून घेताना पोरं करतात तसे. मी दोर त्याच्या कमरेभोवती घेतला, गाठ मारली, दुसरं टोक बोटीच्या कडीला बांधलं. मग दोन्हीकडून ओढून पाहिलं.

"आवळून राह्यलं का?" मी विचारलं.

"नाही."

"सुटन का?"

त्यानं गाठीवर बोट फिरवून पाहिलं, दिसत नव्हतं म्हणून बोटानं.

"नाही सुटत बाई," तो म्हणाला. "हाक आता."

मी मागं जाऊन दांडा धरला.